दिग्दर्शक स्वतःच्याच चित्रपटात का डोकावतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही मित्र दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पडदा लावून चित्रपट दाखवतो. चित्रपट संपला की चहा येतो आणि चहाबरोबर प्रश्न येतात. रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याचा चित्रपट असला तर चहापर्यंतही दम निघत नाही, मागच्या रांगेतून मध्येच "तो बघ, तो बघ" सुरू होतं. दिग्दर्शक स्वतःच्या चित्रपटात क्षणभर दिसतो, या गोष्टीचं लोकांना फार कुतूहल आहे आणि मलाही आहे. आजवर विचारल्या गेलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही ठिकाणी कथेतलं गुपित फुटतं. ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नव्हतं.

कॅमिओ म्हणजे नेमकं काय? मराठीत त्याला काय म्हणायचं?

शंखावर किंवा रंगीत खड्यावर उठावात कोरलेल्या छोट्या प्रतिमेला कॅमिओ म्हणतात. जुन्या ब्रोचमध्ये बाईचा बाजूने दिसणारा पांढरा चेहरा असतो, तो कॅमिओ. पुढे रंगभूमीवरच्या छोट्या पण ठसठशीत भूमिकेला तोच शब्द लागला. १९५६ च्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'मध्ये कितीतरी नामवंत नट क्षणभर येऊन गेले, तेव्हापासून तो चित्रपटवाल्यांच्या तोंडी रुळला.

आपल्याकडे श्रेयनामावलीत 'पाहुणे कलाकार' असं लिहितात. पण दिग्दर्शकाला पाहुणा म्हणणं मला पटत नाही. घर त्याचं, चूल त्याची, पाहुणा कसला? 'ओझरतं दर्शन' हा शब्द बरा आहे. मला मात्र अभंगातली नाममुद्रा आठवते. शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' येतं, 'नामा म्हणे' येतं, जनाबाई स्वतःला 'दासी जनी' म्हणवते. ते नाव तिथे मिरवायला आलेलं नसतं. वर जे सांगितलं ते मी सांगितलं, त्याचा जाब मला विचारा, एवढाच त्याचा अर्थ. दिग्दर्शकाचं उत्तम ओझरतं दर्शन मला या जातीचं वाटतं. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हा धागा येईल.

दिग्दर्शकाने मुख्य भूमिका केली तर तो कॅमिओ होतो का?

नाही. 'गुळाचा गणपती' (१९५३) पु. ल. देशपांडे यांनी लिहिला, दिग्दर्शित केला, त्याचं संगीत दिलं आणि नायकही तेच. 'सबकुछ पु. ल.' हे शब्द त्यावरूनच लोकांच्या तोंडी बसले. मास्टर विनायक 'ब्रह्मचारी'त (१९३८), राजा परांजपे 'पेडगावचे शहाणे'मध्ये (१९५२), व्ही. शांताराम 'दो आँखें बारह हाथ'मध्ये (१९५७) कथेच्या मधोमध उभे आहेत. पोस्टरवर नाव वाचूनच आपण तिकीट काढतो. ओझरत्या दर्शनात माणूस कडेने येतो आणि आपलं लक्ष नसलं तर निघूनही जातो.

हे सगळ्यात आधी कोणी केलं?

एका माणसाच्या नावावर पहिलेपण टाकण्यात अर्थ नाही. मूकपटांच्या सुरुवातीच्या काळात चार-दोन माणसंच सगळं करत. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने १९०२ च्या चंद्रसफरीच्या चित्रपटात सफरीचा म्होरक्या स्वतःच रंगवला होता.

दादासाहेब फाळके यांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९१७ मध्ये त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' नावाचा एक छोटा चित्रपट केला. त्यात फाळके नटांना सूचना देताना आणि फिल्मवर काम करताना दिसतात. हा कॅमिओ नव्हे, तिथे ते उघडपणे पडद्यावर आलेत. पण पडद्यामागचा माणूस कोण आणि तो काय करतो, हे प्रेक्षकाला दाखवावंसं वाटणं इतकं जुनं आहे. मी तो तुकडा पाहिला तेव्हा त्यांचे हात पाहत बसलो होतो. सतत काहीतरी करणारे हात.

हिचकॉकने ही सवय का लावून घेतली?

गरजेपोटी. १९२७ चा 'द लॉजर' हा त्याचा मूकपट. वर्तमानपत्राच्या कचेरीतलं दृश्य होतं आणि चौकट भरायला माणसं कमी पडत होती. म्हणून तो स्वतः कॅमेऱ्याकडे पाठ करून फोनच्या टेबलाशी बसला. पुढे १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोने त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली, तेव्हा त्याने याचा सगळा प्रवास सांगितला. आधी ती गरज होती, मग ती त्याची अंधश्रद्धा झाली, मग गंमत झाली, आणि शेवटी त्या गमतीचाच त्रास व्हायला लागला. कारण प्रेक्षक गोष्ट सोडून त्यालाच शोधत बसायचे. म्हणून पुढच्या चित्रपटांत तो पहिल्या काही मिनिटांतच येऊन जायचा, म्हणजे मग लोक निवांत चित्रपट पाहतील.

हे मला फार शिकवणारं वाटतं. त्याचा चेहरा लोकांना ओळखीचा झाला होता, १९५५ पासून तर तो दूरचित्रवाणीवर स्वतःच्या मालिकेची प्रस्तावना करायचा. अशा माणसाला पडद्यावर जास्त वेळ थांबायचा मोह सहज झाला असता. त्याने उलट वेळ कमी केला आणि जागा पुढे आणली. प्रेक्षकाचं लक्ष ही दिग्दर्शकाची खरी पुंजी असते, ती त्याने स्वतःवर उधळली नाही.

उपलब्ध चित्रपटांपैकी जवळजवळ चाळिसांत तो असा दिसतो. सगळे सांगत बसत नाही, पण दोन-तीन प्रसंगांवर थांबायला हवं.

१९४४ च्या 'लाइफबोट'मध्ये अख्खी गोष्ट समुद्रात भरकटलेल्या एका होडीवर घडते. तिथे रस्ता नाही, गर्दी नाही, बस नाही. मग दिग्दर्शक येणार कुठून? प्रेत होऊन पाण्यावर तरंगत जावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं होतं. तेव्हा तो खरोखरच वजन उतरवत होता. त्याने आपले जाड आणि बारीक असे दोन फोटो घेतले, वजन कमी करण्याच्या एका काल्पनिक औषधाची जाहिरात बनवली आणि ती होडीतल्या माणसाच्या हातातल्या वर्तमानपत्रात छापली. ते औषध कुठे मिळतं, असं विचारणारी पत्रं नंतर त्याला आली.

'शॅडो ऑफ अ डाउट'मध्ये (१९४३) तो आगगाडीत पत्ते खेळतोय. समोरचा त्याला म्हणतो, तुमचीही तब्येत काही बरी दिसत नाही. आणि कॅमेरा त्याच्या हातातले पत्ते दाखवतो तर तेराच्या तेरा इस्पिक. सगळी पानं याच्याच हातात आहेत, ही खूण दिग्दर्शकाने याहून नेमकी कशी द्यावी?

आणि 'द राँग मॅन' (१९५६). एका निरपराध वादकाला पोलीस चोर समजून धरतात, ही खरी घडलेली गोष्ट. इथे हिचकॉकने लपाछपी खेळली नाही. चित्रपट सुरू होतानाच तो लांब सावली पाडत दुरून उभा राहतो आणि यातला शब्द न् शब्द खरा आहे, असं स्वतः सांगतो. एका खऱ्या माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त झालं होतं, तिथे गंमत शोभली नसती, हे त्याला कळत होतं.

त्याला शोधायचं तर कुठे बघू?

हे विचारणारे फार आहेत म्हणून थोडक्यात देतो. 'सायको'त (१९६०) नायिका कचेरीत परत येते तेव्हा खिडकीबाहेर काउबॉय टोपी घालून उभा. 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) पाळीव प्राण्यांच्या दुकानातून दोन पांढरी कुत्री घेऊन बाहेर पडणारा. कुत्री त्याची स्वतःचीच. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये (१९५९) श्रेयनामावली संपता संपता त्याच्या तोंडावर बसचं दार बंद होतं. 'रिअर विंडो'त (१९५४) समोरच्या इमारतीतल्या संगीतकाराच्या खोलीत घड्याळाला किल्ली देताना. 'डायल एम फॉर मर्डर'मध्ये (१९५४) भिंतीवरच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोत. 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन'मध्ये (१९५१) भलंमोठं डबल बास वाद्य घेऊन गाडीत चढताना.

एक विनंती. पहिल्यांदा पाहत असाल तर शोधू नका. दुसऱ्या वेळी शोधा.

हिंदीत असं कोण करतं?

पहिलं नाव सुभाष घई यांचंच येतं. जन्म नागपूरचा, शिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आणि तेही अभिनयाचं. सुरुवातीला त्यांनी पडद्यावर कामंही केली, 'आराधना'त (१९६९) ते दिसतात. १९७६ च्या 'कालीचरण'पासून ते दिग्दर्शक झाले. पुढे 'हीरो', 'राम लखन', 'परदेस', 'ताल' अशा चित्रपटांत त्यांची ओझरती हजेरी हा ठरलेला भाग झाला. एकपडदा चित्रपटगृहांच्या काळात ते दिसले की शिट्ट्या पडायच्या. ते मी ऐकलंय. नट व्हायला निघालेला माणूस दिग्दर्शक म्हणून मोठा झाला आणि दर चित्रपटात काही क्षण आपल्या पहिल्या प्रेमाला देत राहिला, असं मी ते पाहतो.

दक्षिणेत एस. एस. राजामौली हे करतात. 'बाहुबली'च्या पहिल्या भागात (२०१५) ते दारू विकणारे झालेत, आणि 'आरआरआर'च्या (२०२२) शेवटच्या गाण्यात सगळ्यांबरोबर नाचून जातात. तमिळमध्ये के. एस. रविकुमार यांची ही ओळखच आहे.

मग मराठीत का नाही?

हा प्रश्न दर वेळी येतो. माझं उत्तर असं, की मराठीत दिग्दर्शकाला डोकवावं लागलंच नाही, तो आधीपासून पुढे उभा होता. आपला चित्रपट नाटक मंडळ्यांच्या अंगणात वाढला. मंडळीचा मालक हाच तालीम घेणारा आणि बऱ्याचदा हाच नायक. ती वहिवाट चित्रपटांत आली. दादा कोंडके 'पांडू हवालदार'पासून (१९७५) स्वतःच दिग्दर्शक आणि स्वतःच नायक. सचिन पिळगांवकर 'अशी ही बनवाबनवी'त (१९८८) तसेच. महेश कोठारे 'झपाटलेला'त (१९९३) इन्स्पेक्टर महेश जाधव आहेत, आणि त्यांचं 'डॅम इट' हे चित्रपटागणिक परत येणारं पालुपद तर अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. चेहऱ्याऐवजी शब्दाने केलेली ती सहीच म्हणायची.

कॅमिओ आणि भूमिका यांच्या सीमेवरचं एक मराठी उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री'. २०१३ मध्ये महोत्सवांत दाखवला गेला, २०१४ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्यात त्यांनी चंक्या रंगवलाय. सायकलचं दुकान चालवणारा, गावाच्या लेखी विक्षिप्त, पण कथेतल्या जब्या या मुलाशी माणसासारखा बोलणारा. ही भूमिका क्षणभराची नाही, म्हणून काटेकोरपणे ती कॅमिओ नव्हे. पण दिग्दर्शकाने स्वतःसाठी कुठली जागा निवडली ते बघा. पाटलाचा वाडा निवडला नाही, शाळेतला मास्तर निवडला नाही, गावाच्या कडेचं दुकान निवडलं. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. असा गाव त्यांनी बाहेरून पाहिलेला नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे आपल्यावर. आमच्या हॉलमध्ये त्यानंतर चहा बराच वेळ कोणी घेतला नव्हता. ज्याने हा दगड आपल्याकडे फेकायला लावला तो माणूस त्याच गावात पंक्चर काढत बसलेला आपण पाहिलेला असतो. म्हणून तो दगड उपदेशासारखा लागत नाही.

स्त्री दिग्दर्शक असं करतात का?

करतात. मीरा नायर 'मिसिसिपी मसाला'त (१९९१) कुचाळक्या करणाऱ्या बायकांपैकी एक होऊन बसल्या आहेत. फराह खान यांचं सांगायचंय, पण ते शेवटी.

हा निव्वळ मिरवण्याचा सोस नाही का?

कधीकधी असतो, आणि तो लगेच कळतो. पण चांगल्या दिग्दर्शकांनी स्वतःला कुठली कामं दिली ते पाहिलं की मिरवण्याचा आरोप टिकत नाही.

जॉन ह्यूस्टनचा 'द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे' (१९४८). मेक्सिकोतल्या एका शहरात फाटक्या खिशाचा नायक, म्हणजे हम्फ्री बोगार्ट, पांढऱ्या सुटातल्या एका अमेरिकी माणसाकडे पैसे मागतो. दुसऱ्यांदा मागतो, तिसऱ्यांदा मागतो आणि तिन्ही वेळा तो एकच माणूस निघतो. तिसऱ्या वेळी तो पैसे देतो आणि बजावतो, यापुढे माझ्या मदतीशिवाय जगायला शीक. तो माणूस ह्यूस्टन. दिग्दर्शक आपल्या पात्राला शेवटची नाणी देऊन कथेत ढकलतोय. पुढे त्याला सोन्याचा सोस लागतो आणि त्याचा नाश होतो, तेव्हा ते वाक्य आठवतं.

रोमान पोलान्स्कीने 'चायनाटाउन'मध्ये (१९७४) जॅक निकोल्सनचं नाक चिरणाऱ्या बुटक्या गुंडाचं काम केलं. त्या चाकूचं टोक बिजागरीवर बसवलेलं होतं, ते एका बाजूनेच वळायचं. उलटं धरलं असतं तर नाक खरंच कापलं गेलं असतं. मेल गिब्सनने 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'मध्ये (२००४) येशूच्या तळहातावर खिळा धरणारा हात स्वतःचा दिला. चेहरा नाही, फक्त हात. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगही हातांचे जवळचे शॉट असले की बऱ्याचदा स्वतःचे हात वापरायचा.

आणि एम. नाइट श्यामलन. जन्म आपल्याकडच्या पुद्दुचेरीतल्या माहे गावचा, वाढला अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ. 'साइन्स'मध्ये (२००२) एका धर्मगुरूची बायको अपघातात गेलेली आहे आणि त्यामुळे त्याची श्रद्धा सुटलेली आहे. गाडी चालवताना ज्याला झोप लागली आणि ज्याच्या हातून ती गेली, तो माणूस श्यामलनने स्वतः केलाय. तो गाडीत बसून तिच्या नवऱ्याची माफी मागतो. कथेत तिला मारलं कोणी? लेखकाने, म्हणजे श्यामलननेच. ते त्याने कबूल केलं, असं मी समजतो. १९ वर्षांनी 'ओल्ड'मध्ये (२०२१) माणसांना त्या जीवघेण्या किनाऱ्यावर गाडीतून सोडणारा आणि मग उंचावरून त्यांच्यावर नजर ठेवणारा ड्रायव्हर पुन्हा तोच.

भीक घालणारा, नाक कापणारा, खिळा धरणारा, बायको मारणारा. मिरवायचं असतं तर यांनी शेरवानी घालून लग्नाच्या दृश्यात उभं राहायचं ठरवलं असतं.

स्वतः चौकटीत असताना दिग्दर्शक दिग्दर्शन कसं करतो?

मुख्य सहायक दिग्दर्शक 'ॲक्शन' आणि 'कट' म्हणतो. प्रकाश आणि फोकस लावेपर्यंत दिग्दर्शकाच्या जागी त्याच्याच उंचीचं कोणीतरी उभं राहतं. आता मॉनिटरवर टेक लगेच परत पाहता येतो. फिल्मवर काम चालायचं तेव्हा रशेस, म्हणजे धुवून आलेली कच्ची फिल्म, येईपर्यंत छायालेखकाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा लागे.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९७६). मागच्या सीटवर बसून वरच्या खिडकीतली बायकोची सावली पाहत भयंकर बडबड करणारा प्रवासी दुसरा नट करणार होता. तो जायबंदी झाला आणि मार्टिन स्कॉर्सेसीला स्वतः बसावं लागलं. मीटरबद्दलचं त्याचं एक वाक्य होतं. टॅक्सीवाला झालेल्या रॉबर्ट डी निरोने त्याला सांगितलं, नुसतं म्हणू नकोस, मला करायला भाग पाड. म्हणजे त्या काही मिनिटांत दिग्दर्शकालाच दिग्दर्शन मिळालं. डी निरो पाठमोरा, फारसं न बोलता ऐकतोय, आणि त्या बडबडीचं विष त्याच्यात उतरतंय. त्या दृश्यातली अस्वस्थता अजून कमी झालेली नाही.

फ्रान्सिस फोर्ड कपोलाने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. 'अपोकॅलिप्स नाऊ'मध्ये (१९७९) किनाऱ्यावर लढाई चालू असताना टीव्हीवाल्यांची एक तुकडी चित्रण करतेय आणि त्यांचा दिग्दर्शक सैनिकांवर ओरडतोय, कॅमेऱ्याकडे बघू नका, लढत असल्यासारखे पुढे जा! तो कपोला, आणि त्याच्या शेजारी कॅमेरा घेतलेला माणूस म्हणजे या चित्रपटाचा खरा छायालेखक वित्तोरियो स्तोरारो. सेटवर दिवसभर जे ओरडत होता तेच त्याने पडद्यावर ओरडून घेतलं.

याने चित्रपट बिघडतो का?

बिघडतो. श्यामलनचंच उदाहरण देतो, म्हणजे पक्षपात नको. 'लेडी इन द वॉटर'मध्ये (२००६) त्याने स्वतःला असा लेखक दिला की ज्याचं लिखाण पुढे जग बदलणार आहे. 'साइन्स'मध्ये तो माफी मागत होता, इथे त्याची थोरवी दुसरी पात्रं सांगतात. समीक्षकांनी त्याला सोडलं नाही आणि मला ते बरोबर वाटतं. एकाच माणसाने चार वर्षांच्या अंतराने केलेली ही दोन कामं लागोपाठ पाहा, या विषयावर वेगळं पुस्तक वाचायची गरज उरणार नाही.

चॅप्लिनची अडचण उलटी होती. त्याचा चेहरा जगाला पाठ. १९२३ मध्ये त्याने 'अ वूमन ऑफ पॅरिस' केला, त्यात तो नायक नव्हता. आपण यात नाही, हे त्याने सुरुवातीलाच पाटीवर लिहून सांगितलं. तरी तो एक क्षण आहेच, स्टेशनवरचा हमाल होऊन, ओळखू न येणारा. लोक चॅप्लिन पाहायला आले आणि चॅप्लिन नाही म्हणून नाराज होऊन गेले. एवढा सुंदर चित्रपट त्यामुळे बाजूला पडला. त्याच्या शेवटच्या 'अ काउंटेस फ्रॉम हाँगकाँग'मध्ये (१९६७) तो म्हातारा, बोट लागलेला कारभारी होऊन दोनदा दारात येतो आणि जातो. ज्याने आयुष्यभर अख्खा पडदा व्यापला, त्याला दारात उभं पाहून मला भरून आलं होतं.

स्टॅन ली यात धरायचे का?

नाही. मार्व्हलच्या चित्रपटांत सतत दिसणारे ते गृहस्थ लेखक आणि संपादक होते, दिग्दर्शक नव्हते. मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांच्यासाठी पीटर जॅक्सन चांगला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागात (२००१) ब्री गावातल्या पावसात गाजर खात जाणारा माणूस तोच. पुढे 'हॉबिट'च्या दुसऱ्या भागात (२०१३) त्याच गावात तो पुन्हा गाजर खाताना दिसतो.

मी लघुपट करतोय. मी त्यात दिसावं का?

माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका जुन्या वाड्यात ११ मिनिटांचा लघुपट केला. पोस्टमनचं काम करणारा मुलगा आला नाही, म्हणून मी खाकी शर्ट चढवून उभा राहिलो. बाकीच्यांचे मी सात-सात, आठ-आठ टेक घेतले होते. माझा पहिलाच टेक झाल्यावर सगळे म्हणाले, छान झाला, आणि मी पुढे गेलो. संकलनाला बसल्यावर कळलं की पत्र देताना मी म्हातारीकडे बघतच नव्हतो, तिच्या मागे दिवा नीट लागलाय का ते बघत होतो. पात्राच्या डोळ्यांत दिग्दर्शक दिसत होता. तो शॉट काढावा लागला आणि पत्र दाराच्या फटीतून आत सरकतं एवढंच ठेवलं.

तेव्हापासून मी नव्या मुलांना एक गोष्ट सांगतो. उभं राहायचं असेल तर युनिटमधल्या एका माणसाला आधीच नेमा, ज्याला तुमचा टेक वाईट आहे हे मोठ्याने सांगायची मुभा आहे. असा माणूस नसेल तर फोटोत या, आवाजात या, हात द्या. आणि दृश्य संवादाचं असेल तर नकोच.

तुम्हाला सगळ्यात आवडणारं कोणतं?

पुन्हा स्कॉर्सेसी. 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' (२०२३). अमेरिकेतल्या ओक्लाहोमात ओसेज या मूळ रहिवाशांच्या जमिनीखाली तेल निघालं. १९२० च्या दशकात त्यांच्या पैशावर डोळा ठेवून गोऱ्यांनी त्यांच्यात सोयरिकी केल्या आणि एकेकाला मारलं. मॉली ही अशाच एका ओसेज घरातली बाई. तिच्या बहिणी गेल्या, आई गेली, आणि नवराच त्या कटात होता.

साडेतीन तासांच्या आसपासचा चित्रपट. शेवटी अचानक आपण एका नभोनाट्याच्या प्रयोगात येतो. प्रेक्षक बसलेत, वादक आहेत, आवाज काढायची साधनं आहेत, आणि त्या खुनांची गोष्ट करमणूक म्हणून सांगितली जातेय. मग एक म्हातारा माणूस मायक्रोफोनसमोर येतो. ८० वर्षांचा स्कॉर्सेसी. तो मॉलीची मृत्यूची बातमी वाचतो. १९३७ मध्ये ती मधुमेहाने गेली, तिला आपल्या माणसांशेजारी पुरलं, आणि त्या बातमीत खुनांचा उल्लेख नव्हता. एवढंच. त्यानंतर वरून दिसणारा ओसेज लोकांचा ढोल आणि त्याभोवती वाढत जाणारं त्यांचं रिंगण.

त्या लोकांची गोष्ट बाहेरच्या माणसाने सांगितली, तिचा खेळ केला, तिकीट लावलं. हे कबूल करायला त्याने नट पाठवला नाही. त्याच्या आवाजातला कंप अभिनयाचा होता की नाही हे मला ठरवायचंही नाही. तुकोबांच्या अभंगात शेवटच्या चरणाला आवाज खाली येतो ना, तसं मला वाटलं.

श्रेयनामावली संपेपर्यंत बसायचं का?

बसाच. त्यात प्रकाश धरणाऱ्यांची, शिंप्यांची, ड्रायव्हरांची नावं असतात आणि ती वाचली जावीत. आता फराह खान. 'ओम शांती ओम' (२००७) संपतो तेव्हा लाल गालिच्यावरून चित्रपटातला एकेक माणूस येतो, नट तर येतातच, पण पडद्यामागची कामं करणारेही टाळ्यांच्या गजरात येतात. आपल्याकडे तोवर अर्धं चित्रपटगृह जिन्यावर पोचलेलं असतं. सगळे येऊन जातात, गर्दी ओसरते, गालिचा गुंडाळायला घेतात. आणि मग एक रिक्षा येऊन थांबते, तिच्यातून दिग्दर्शक उतरते.